वालाचं दुप्पट बी

हसू नका, पण नेवाशाला सेंद्रिय शेतकऱ्यांच्या मेळाव्यात मी एका म्हाताऱ्याची कॉलर धरली होती. माझा दादा जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. गावठी वालाचं बियाणं त्यानं वर्षानुवर्षं जपलेलं. म्हाताऱ्यापुढं वालाची कापडी पिशवी होती आणि तिच्यावर दादानं लिहिलेलं बियाण्याचं नाव. मला धड वाचता येत नाही, पण दादाचं अक्षर ओळखतो.

“माझ्या दादाचं बी चोरलंस ना, म्हाताऱ्या?” मी ओरडलो. सगळा मांडव वळून बघायला लागला.

“आरं, सोड की! मागल्या साली त्यानंच ह्या पिशवीत मूठभर दिलं हुतं. बी घेतलं की दुप्पट परत करायचं, ही रीत हाय आमची. सकाळधरनं त्याला हुडकतोय. कुठाय तो?”

मी कॉलर सोडली. “दादा वारला, बाबा.”

त्यानं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. मग पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, “त्याचं बी घरी असंलच, तरी हे ठेव.”

“व्हय, हाय की,” मी म्हणालो.

घरी एक दाणा नव्हता. दादा गेल्यावर डोकं फिरलं, तेव्हा सगळं बी मीच कोंबड्यांपुढं ओतलं होतं.