माशाले लागलेली जळू

आमी भोई. मायं माहेर तेल्हाऱ्याकडलं, सासर पातूरजवळच्या तलावावर, अन् दोन्हीकडं धंदा एकच, मासोळीचा. काय सांगू ताई तुमाले, मी टोपलं धरूनच चालाले शिकली असं माय म्हने. मायनं आनखी एक शिकवलं, जित्ती मासोळी ओल्या शेवाळात घालून न्यायची, अन् घरी पोचल्यावर ते शेवाळ रस्त्यावर फेकाचं नाई, लोकाइचे पाय पडते, पान्यातलं पान्यात सोडाचं अन् हात जोडाचे. जलमभर मी तेच केलं.

मांगच्या भाऊबीजेले भावानं चार जित्त्या मरळ देल्ल्या, मी टोपल्यात शेवाळ घालून एस्टीनं आनल्या, रांधल्या, घरचे बोटं चाटत राह्यले, अन् शेवाळ आमच्या तलावात सोडलं, हात जोडले अन् इसरून गेली.

संक्रांतीच्या आंगंमांगं जाळं वर आलं तं मासोळीच्या आंगावर लाल चट्टे. कल्ले उघडून पाह्यले तं जळवा! म्हशीले लागते तशी जाडी नाई बरं, दोऱ्यावानी बारीक, कल्ल्यात घुसलेली, पराखाली चिपकलेली, ओढली तं रगत. एका रोहूच्या आंगावरून मी अकरा काढल्या. रोज मासोळी मरून तरंगे. वीस घरं या पान्यावर जेवते, ताई, साऱ्याइचे तोंडं उतरले.

मासोळी खात्याचे साहेब आले. त्याइनं पान्यातली काडी उचलली, तिच्यावर तपकिरी दाने चिपकलेले, म्हने हे जळूचे अंडे, हे आपोआप येत नाई, बाहेरून कोनी काही आनलं का? साऱ्याइनं देवरावजीकडं पाह्यलं. देवरावजी म्हंजे माये भासरे, मालकाचे मोठे भाऊ. तलावात सोडाचं बीज, म्हंजे मासोळीचे बारके पिल्लं, दरसाल तेच बाहेरून आनत, हातानं निवडून, बारक्या लेकरावानी सांभाळून. अन् मले टोपलं आठवलं, शेवाळ आठवलं, माये जोडलेले हात आठवले.

आता तुमी म्हनसान बोल्ली काहून नाई. आमच्यात सून भासऱ्यापुढं तोंड उघडत नाई, डोक्शावरचा पदर नाकापर्यंत, हे एक कारन. पन खरं सांगू काय, मी भेली. हेच खरं. आठ दिवस लोकं त्याइले टाकून बोलत राह्यले, ज्याइले त्याइनं जाळं इनाले शिकवलं तेच म्हने बुड्यानं सडकं बीज आनलं, तलाव बुडवला. ते घरी येऊन भिताडाले टेकून बसत, जेवन तसंच राहे, अन् मी चुलीपाशी भाकरी थापत राहो.

नवव्या दिवशी निंबाखाली बैठक बसली, खात्याचे साहेबही आले होते, देवरावजीले तलावावरून काढाचं ठरून राह्यलं होतं, ते खाली मान घालून मातीत बोट फिरवून राह्यले होते. मले ते पाह्यवलं नाई. मी बायाइतून उठली, पदर डोक्शावरून खाली आला तरी घेतला नाई, अन् म्हतलं बीज साजरं होतं, जळू म्या आनली, शेवाळातून, त्याइले काही म्हनू नका. मालक माये डोये वटारून पाहे. साहेबानं सांगतलं, हो, शेवाळातून येऊ शकते. देवरावजीले काढाची गोष्ट तिथंच राह्यली.

उन्हाळ्यात तलाव कोरडा केला, तळ तडकेपर्यंत वाळवला, पावसानं भरल्यावर नवं बीज सोडलं. आता बाहेरून येनारं हरेक बोटुकलं, बोटाएवढं पिल्लू, आंधी टपात मिठाच्या पान्यात, घटकाभर नाई, मोजून दोन मिनिटं, मंगच तलावात, ते काम माह्याकडं हाय. शेवाळ मी उन्हात वाळवून जाळतो. हात जोडाले लाज वाटते.

जळू गेली, ताई. लोकं देवरावजीच्या पाया पडले, या म्हने, तुमच्याशिवाय बीज कोन निवडन. ते हसले अन् म्हने, तुमीच निवडा, पोरंहो. तवापासून ते तलावावर आले नाई, भिताडापाशी बसते. मी पह्यल्याच दिवशी बोल्ली असती तं! देव त्याइले पुन्हा पान्यावर आनो, मंग मले काही झालं तरी चालन.