उघड्या फांदीवरचं पिल्लू

(मालदीवच्या दक्षिण टोकाची अद्दू बेटं. रुगिय्याचं अंगण. तिचा मुलगा इद्रीस करवत घेऊन नीरफणसाच्या झाडावर चढलाय. त्याची होणारी बायको हव्वा उत्तरेकडच्या बेटावरून नुकतीच आलीये.)

इद्रीस : अम्मा, बाजूला हो. फांदी डोक्यात पडेल.

रुगिय्या : पडू दे! पिल्लासकट पाड माझ्या डोक्यात.

इद्रीस : लग्न तोंडावर आलंय. नव्या खोलीवर पत्रा नको? फांदी नेमकी भिंतीवर आलीये. हव्वा, तू तरी सांग हिला.

हव्वा : कसलं पिल्लू? मला तर घरटंच दिसत नाही.

रुगिय्या : घरटं बांधतच नाही ती. उघड्या फांदीवर जरासा खळगा बघते, तिथंच अंडं घालते. परवाच्या वादळातही जागची हलली नाही.

हव्वा : ती कोण?

रुगिय्या : अगं, दोंदीनी! तुमच्याकडे नाही?

हव्वा : छे. हा फोनवर नाव घ्यायचा, मला वाटलं बगळा असेल.

इद्रीस : बगळा? साऱ्या मालदीवात फक्त आमच्या अद्दूत राहते ती! बाकी मग पार दूरदूरच्या समुद्रांतल्या बेटांवर.

रुगिय्या : मिरवतोय बघा. आणि हातात करवत!

हव्वा : अय्या, तीच का ती? केवढी पांढरी! पंखांतून ऊन आरपार येतंय. डोळे तर काजळ घातल्यासारखे.

रुगिय्या : चोच बघ, चोच.

हव्वा : मासे! ओळीनं आडवे धरलेत. पुढचा पकडताना आधीचे सांडत कसे नाहीत?

इद्रीस : ते मलाही अजून कळलेलं नाही. पाण्यात बुडी मारत नाही ती. लाटेवर झुकते आणि वर आलेला मासा अलगद टिपते. मी बघत बसायचो, गळाला लागलेला मासा सुटून जायचा. बाबांच्या शिव्या खाल्ल्यात तिच्यापायी.

हव्वा : पिल्लू दिसलं! राखाडी कापसाचा गोळा. पाय केवढाले!

रुगिय्या : त्या पायांनीच वाऱ्यात फांदी धरून राहतं बिचारं.

हव्वा : इद्रीस, उतर खाली.

इद्रीस : आणि पत्रा? नवरीला काय उघड्यावर निजवू?

हव्वा : पिल्लू उडेपर्यंत अम्मांच्या खोलीत राहू.

इद्रीस : तिघं? अगं, अम्मा घोरते!

रुगिय्या : मी अंगणात निजेन.

हव्वा : मुळीच नाही. तुम्ही खाटेवरच. आम्ही खाली चटई टाकू.

रुगिय्या : मला मेलीला धास्ती होती, लांबची पोर, कशी निघते कोण जाणे...

इद्रीस : अम्मा, रडतेस काय? धर ही करवत.

रुगिय्या : हळू उतर रे. जेवतंय ते.