चिमूटभर अजिनोमोटो

धुळ्यातल्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून मोनाली कागदी कपातला चहा फुंकत बसली होती. शेजारी कपाळाला पदर आवळून बसलेल्या सायरबाई सुनेवर घसरल्या होत्या.

“डॉक्टरांना सरळ सांग जिनल, तुझ्या नूडल्समधल्या अजिनोमोटोनं माझं डोकं धरलंय.”

“मम्मीजी, आपल्याला कांदा-लसूण चालत नाही. चव यावी म्हणून चिमूटभर घातला. मी तर दोन प्लेटी खाल्ल्या.”

“तुझं वय वेगळं. विष आहे ते, आमच्या ग्रुपवर आलंय.”

“त्यात जे असतं ते टोमॅटोतही असतं. टोमॅटोच्या चटणीनं कधी डोकं दुखलं का?”

“चटणी मी करते.”

“बरं. नूडल्स काल खाल्ले. डोकं कधीपासून दुखतंय?”

“परवापासून. पण काल जास्त.”

“अन् परवा जैन मंदिरात प्रवचनाला महाराजसाहेबांपुढे कसला नियम घेतलात?”

“चातुर्मासात चहा प्यायचा नाही.”

“दिवसाला पाच कप पिणाऱ्या माणसानं.”

“चारच. सकाळचा पहिला मोजायचा नसतो.”

मोनालीनं कप हळूच पर्सआड घेतला.

“राहू दे गं बाई, पी तू. वास तरी येऊ दे.”

“मग डॉक्टरांना काय सांगू, मम्मीजी?”

“काही सांगू नको. ऊठ, आधी महाराजसाहेबांकडे जाऊ.”

“तिथे कशाला?”

“विचारते, चहाच्या जागी हा अजिनोमोटो जन्मभरासाठी सोडला तर चालेल का.”