पाण्याच्या भावाबद्दल माझं मत

...आणि वर मलाच ऐकवतात, पाण्याचा भाव वाढला म्हणून आता कुरकुरतोस कशाला, तुला विचारलं होतं की! हो बाबा, विचारलं होतं, मी कुठे नाही म्हणतो? रीतसर विचारलं होतं. पत्र पाठवून विचारलं, हॉटेलात बोलावून विचारलं, मधे दोनदा चहा पाजून विचारलं, हातात माइक देऊन विचारलं... आमच्या अख्ख्या घराण्यात पाण्याबद्दल इतक्या प्रेमानं कुणी कुणाला विचारलेलं नाही. तिथेच तर सगळा घोळ झाला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी प्रेमानंद. ओमानमधल्या निझव्यात एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे आला कागद की मार शिक्का, गेला कागद की मार शिक्का, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत मी नि माझा शिक्का, अशी बावीस वर्षं काढली. ही गोष्ट दोन हजार सोळाची. तेल स्वस्त झालं होतं. आणि तेल स्वस्त झालं की या देशात बाकीचं सगळं महाग होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तर पाण्याच्या कंपनीनं, नाव घेत नाही, माझा व्हिसा अजून चालू आहे, ठरवलं की दुकानं, लाँड्र्या, खाणावळी यांच्या पाण्याचा दर वाढवायचा. पण असा-तसा नाही वाढवायचा, लोकांना विचारून वाढवायचा. वाढवू का, असं नाही हं विचारायचं. वाढवायचा ते ठरलेलं. कसा वाढवू, ते विचारायचं.

त्याचं पत्र आमच्या हापिसात आलं. इंडियन कम्युनिटीचा एक प्रतिनिधी पाठवा. आमचा मॅनेजर रमण, पालघाटचा, त्यानं पत्र वाचलं, मान वर केली, समोर मी. म्हणाला, "प्रेमानंद, यू गो. सिट, साइन, ईट, कम." मी म्हटलं, सर, तिथे बोलायचं काय? तर म्हणतो, "व्हाय यू वाँट टु टॉक?" तुम्हाला सांगतो, त्या माणसाला मी तेव्हा मनातल्या मनात भेकड म्हणालो होतो. मी. भेकड. त्याला.

घरी येऊन ललिताला सांगितलं. आता बायकोला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. संध्याकाळी हुसैनमियाँ दारात. हुसैनमियाँ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे ना... होती... त्यांची. माणूस महाडजवळच्या गावचा, तीस वर्षं निझव्यातल्या ओमानी लोकांचे ते पायघोळ पांढरे दिशदाशे धुतोय, इस्त्री करतोय. पण दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, मीटर अर्बाबच्या नावावर. बिल येणार अर्बाबला, अर्बाब ते पाठवणार हुसैनमियाँना. म्हणजे बघा, तीस वर्षं माणूस कोपरापर्यंत पाण्यात, आणि कागदावर ठणठणीत कोरडा. त्याला कोण विचारणार?

तेच म्हणाले ते. "भाय, मला कोन इचारतो? मीटर माजा नाय, दुकान माजा नाय, नि इंग्लिश तर आपल्या बापाची नाय. तू जातोस तर माज्यासाठी चार शब्द बोल. भाव वाढला ना, तर दुकान बसलाच समज. सादियाची नर्सिंगची दोन वर्सं ऱ्हायलीत. दोनच वर्सं, भाय. तवर चालला पायजे." सादिया म्हणजे त्यांची लेक, मुंबईला होस्टेलात. तिचा गणवेशातला फोटो दुकानात इस्त्रीच्या टेबलासमोर लावलेला, वाफेनं कडा वाकड्या झालेल्या. मी म्हटलं, हुसैनमियाँ, काळजीच करू नका. हे कोण बोललं? मीच.

जाताना त्यांनी माझा पांढरा शर्ट नेला. सकाळी आणून दिला, अशी इस्त्री की शर्ट हँगरशिवाय उभा राहील. पैसे विचारले तर म्हणे, "आज तू माजा वकील. वकिलाकडून कोन पैसे घेतो?"

भाषण लिहिलं आमच्या प्रणालीनं. नववीत होती तेव्हा, इंडियन स्कूलमधे. इंग्रजी फाडफाड, मराठी बोलताना मात्र खड्ड्यातून गाडी चालल्यासारखी. तिनं चार वाक्यं लिहून दिली. लाँड्री हा चैनीचा धंदा नाही, मोठ्या हॉटेलाला नि एका माणसाच्या दुकानाला एकच दर लावू नका, वाढ हळूहळू करा, आणि जो पाणी वापरतो त्यालाच विचारा. चारच वाक्यं, पण मलाच वाचून गहिवरून आलं. म्हणाली, "बाबा, स्लोली बोला. आणि ते सर सर... एकदाच म्हणा."

मी फ्रिजसमोर उभा राहून आठ दिवस पाठ केलं. आणि पाठ करताना, तुम्हाला सांगतो, मला सारखे आजोबा आठवायचे. आमचे आजोबा सत्तावीस साली महाडला चालत गेले होते. चवदार तळ्यावर. ओंजळभर पाणी प्यायले, आणि परतताना डोक्यात काठी बसली. एका मुसलमानाच्या घरात त्यांना लपवलं म्हणून वाचले. कुणाचं घर, नाव काय, ते आजोबांना शेवटपर्यंत आठवलं नाही. टाळूवरची खूण मात्र आम्हा नातवंडांना बोट लावून बघायला द्यायचे. मी निघालो तेव्हा ललिता दारात म्हणाली, "आजोबांचं रक्त आहे तुमच्यात." आता सकाळी सकाळी, उपाशीपोटी, नवऱ्याला असलं काही बोलू नये हो बायकांनी.

तर गेलो. हॉटेलचा हॉल, एसी असा की दात वाजावेत. प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची इवलीशी बाटली, दोनशे माणसं, दोनशे बाटल्या, कुणी उघडलेली नाही. पुढे पडद्यावर आलेख. कुठल्याशा देशातून आणलेला सल्लागार, कोवळा पोरगा, सूट घालून सांगतोय, समुद्राचं पाणी गोडं करायला किती खर्च, ते डोंगर चढवून निझव्याला आणायला किती खर्च, तुम्ही देता किती. रेघ वर चढत होती आणि आम्ही खाली सरकत होतो, खुर्चीत. त्याचं खोटं नव्हतं, तेही सांगतो. पाणी महागच पडतं. फक्त त्या आलेखात हुसैनमियाँ कुठे दिसत नव्हते.

मग फॉर्म वाटले. आपलं मत नोंदवा. तीन चौकटी. वाढ एका वर्षात व्हावी, दोन वर्षांत व्हावी, तीन वर्षांत व्हावी. नको, याला चौकटच नाही. मी म्हटलं मागे असेल. मागे पाहिलं, तर मागे होतं, जेवण व्हेज की नॉनव्हेज. तिथे मात्र मत द्यायला भरपूर जागा.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. आधी एक ओमानी म्हातारा उठला, कमरेला खंजीर, हातात बारीक काठी. त्याला माइकची गरजच नव्हती. अरबीत बोलला, दुभाषी इंग्रजीत सांगत होता. म्हातारा म्हणाला, "निझव्याचा फलज, हा डोंगरातून येणारा पाण्याचा पाट, तुमच्या-माझ्या आधीचा आहे. त्याच्या पाण्याची वाटणी आम्ही पाटाच्या कडेला बसून करतो. ज्याला पाणी हवं तो समोर बसतो, भांडतो, आणि वाटा घेऊन उठतो. इथे ज्याला पाणी हवं तो कुठे बसलाय?" सल्लागारानं लिहून घेतलं, हसला, म्हणाला, "शुक्रन, शुक्रन. व्हेरी रिच हेरिटेज."

आणि माइक आला की माझ्याकडे.

मी उठलो. खिशात प्रणालीचा कागद, अंगावर हुसैनमियाँची इस्त्री, नसांत आजोबांचं रक्त, सगळी तयारी. बाई होत्या सूत्रसंचालक, गोड आवाज, म्हणाल्या, "येस सर, फ्रॉम द इंडियन कम्युनिटी. डू यू हॅव एनी प्रॉब्लेम विथ द प्रपोजल?"

एनी प्रॉब्लेम.

आता तुम्हीच सांगा, गल्फमधे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारतात का हो? आम्ही विमानातून उतरतो तेव्हा इंग्रजी येत नाही, अरबी येत नाही, पण या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आठवड्यात येतं. मल्याळ्याला येतं, बंगाल्याला येतं, कोकण्याला येतं. शुक्रवारी कामाला ये, एनी प्रॉब्लेम? पासपोर्ट आमच्या कपाटात राहील, एनी प्रॉब्लेम? माझे वडील गेले तेव्हा सुट्टी चौथ्या दिवशी मंजूर झाली, घरी पोचलो तोवर सगळं उरकलेलं. कंपनीच्या माणसानं तिकीट देताना खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, एनी प्रॉब्लेम? तेव्हा जे म्हणालो तेच म्हणालो हो मी. मेंदू तिथे पोचायच्या आत तोंड जाऊन आलं होतं.

"नो प्रॉब्लेम, सर."

बाईंना सर म्हणालो, बघा. आणि वर हसलो. हॉलभर टाळ्या! बाई म्हणाल्या थँक यू सो मच, आणि माइक पुढे गेलासुद्धा. मी उभाच. माझा हात खिशात, कागदावर. "वन मिनिट" म्हणायचं होतं, दोन शब्द, पण शेजारच्यानं बाही ओढली, बसा भाईसाब, हो गया. बसलो. मग हजेरीच्या कागदावर सही केली. मग जेवलो. सिट, साइन, ईट, कम... रमणच्या एकाही शब्दाबाहेर गेलो नाही.

परत आलो तर हुसैनमियाँ दुकानाबाहेर स्टूल टाकून बसलेले.

"बोललास, भाय?"

"बोललो."

"मग? काय म्हनाले?"

"लिहून घेतलं."

यात एक तरी शब्द खोटा आहे का, सांगा मला. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "लिवून घेतला म्हंजे झाला काम, इन्शाल्ला." तो चहाही मी प्यायलो.

महिन्यानं अहवाल आला, कंपनीच्या वेबसाइटवर. प्रणालीनं शोधून काढला, आनंदानं ओरडली, बाबा, तुमचं आहे यात! ललिताही हात पुसत आली. पान सत्तेचाळीस. भारतीय समाजाच्या प्रतिनिधीनं छोट्या व्यावसायिकांच्या वतीनं प्रस्तावाबाबत काहीही अडचण नसल्याचं सांगितलं. बस. म्हाताऱ्याचा फलज मात्र कुठेच नाही, तो हेरिटेजमधे गेला असणार. अख्ख्या निझव्यातून छापण्यासारखं बोललो तो मीच. पोरीनं दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा, न अडखळता, एक सरळ मराठी वाक्य बोलली. "बाबा, तुम्ही माझा कागद वाचलाच नाही का?"

ललितानं आत जाऊन कुकर लावला.

नवीन वर्षापासून दर वाढला. हुसैनमियाँनी काय काय नाही केलं. तीनदा खळबळायचे ते दोनदा करायला लागले, मग एकदा. दिशदाशाला साबण राहायचा, गिऱ्हाइकांच्या मानेला खाज सुटायची. ओमानी माणूस भांडत नाही हो, तो दुसऱ्या लाँड्रीत जातो. सहा महिन्यांत दुकानात कपडे कमी आणि हँगर जास्त. मग एके दिवशी अर्बाब आला, तोही वाईट माणूस नव्हता, खाली बघत म्हणाला, "खलास, हुसैन." आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. एक थेंब पाणी लागत नाही त्याला.

मधे मी रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. दुकानापर्यंत जायचो. ते विचारायचे, "शर्ट हाय काय?" मी म्हणायचो, नाही, सहजच. आणि परत यायचो. सहा महिने सहजच जात होतो.

शेवटी ते निरोप घ्यायला घरी आले. तीस वर्षं इथे राहिलेला माणूस, एक बॅग. सादियाचा फोटो वरच्या कप्प्यात, तेवढा काढून दाखवला. म्हणाले, "पोरीला एक वर्स थांब बोललो. एक वर्स म्हंजे काय, पुढं बगू." त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, मुलीचं थांबलेलं शिक्षण पुढे बघायला कुणाला वेळ असतो. ललितानं पाणी आणून दिलं. त्यांनी पेला अर्धा प्यायला, अर्धा तसाच ठेवला. सवय लागली होती.

मग दारात थांबले. माझा हात धरला, त्यांचे हात कसे, पाण्यात राहून राहून पांढरे पडलेले, आणि म्हणाले, "भाय, दुकान जायाचा होता, गेला. पन माज्यासाठी एवड्या मोठ्या लोकांत उभा ऱ्हायलास तू, ते मी गावात सगळ्यांना सांगनार हाय. एकच इचारतो. माज्यासाठी बोललास, त्याच्यापायी तुला हापिसात काय तरास नाय ना झाला?"

ललिता माझ्याकडे बघत होती. आतल्या खोलीच्या दारात प्रणाली उभी होती, तीही बघत होती. म्हणजे या वेळी तर हॉलही नव्हता, माइक नव्हता, एसी नव्हता. महाडचा माणूस माझा हात धरून, अगदी रीतसर, मला विचारत होता.

मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम, हुसैनमियाँ."