काट्यावरचा बी.ए.

...अन् वरून गावातले मलेच विचारतेत, "काऊन गा, बाकीचा कुठी ठेवून आला?" आता काय सांगू? तुमाले सांगतो, मानसानं नापास व्हावं, पन नवसाच्या काट्यावर बसू नये. यात माहा काय गुन्हा, तुमीच सांगा.

नवस मायचा. मागच्या साली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले मी नागपूरले निघालो, तर रुखमाबाईनं, म्हनजे माह्या मायनं, मोहफुलं जोखाचा मोठा काटा आनला, एका पारड्यात मले बसवलं, दुसऱ्यात तांदूळ ओतला, काटा समान झाला तसा तो तांदूळ पोत्यात भरून तोंड शिवून टाकलं अन् मारुतीपुढं हात जोडले, "पोरगा पास झाला का याच्या भारोभार भात गावाले घालीन." झालं. तांदूळ देवाचा झाला. आता त्यातला दाना बी घरात वापस येत नाई.

इकडं मी बोर्डिंगात. दिवसा वाचावं तर पोरं हसेत, "अबे, दिवसा तर कारकून बी वाचते." मंग रात्र जागाची. जागाले चहा. फाटकाशीच बाबुलालचं हॉटेल... एक कप पोटात गेला का झोप पळे, झोपेमागं भूक पळे. पहाटे डोळा लागे, मी उठलो का खानावळीत भांडी घासनं चालू. झोप येते म्हनून चहा, चहा घेतला म्हनून झोप नाई, रातची झोप नाई म्हनून दिवसा झोप, दिवसा झोपलो म्हनून जेवन नाई, जेवन नाई म्हनून आनखी एक चहा... यात माहा काय गुन्हा, सांगा ना.

पास झालो. थर्ड क्लासात का होईना, झालो. घरी आलो तर मायनं आदी दंड चाचपला. "खात नव्हता का रे?" म्हनलं, चहा घेत होतो, रोज. आता आमच्या धानोऱ्याकडं चहा कोन पेते? ताप आला का आलं टाकून देतेत, तेवढाच. मायनं माह्या कपाळाले हात लावून पाह्यला. "रोज ताप येत होता अन् घरी कळवलं नाई?" तिले काय समजावू? अन् खरं सांगू, तिचं काही चुकलं होतं असं मले बी वाटलं नाई.

मंग नवसाचा दिवस. सारा गाव पंगतीले आलेला. चुली पेटल्या, आधन उकळून राह्यलं, मी पारड्यात. काटा पुन्हा समान झाल्याबिगर नवस फिटत नाई अन् तांदूळ आधनात पडत नाई. समोर तांदळाचं पोतं ठेवलं तर ते धप्पकन खाली अन् मी वर. वरच लटकलो. बाप म्हनते, "थोडा तांदूळ काढा." पुजारी इतवारीभाऊ म्हनते, "देवाचा काढता येत नाई." "मंग याच्या मांडीवर गोटा ठेवा." "गोटा काय रुखमाबाईच्या पोटचा आहे? तिच्या पोटचंच पाह्यजे." गाव भुकेला, आधन आटून राह्यलं, अन् बी.ए. हवेत. शेवटी मायनं माही लहान बहीन कुंता उचलली अन् माह्या मांडीवर आनून बसवली.

काटा समान झाला.

लोक हसले. कुंता तर टाळ्या वाजवून राह्यली. माय हसली नाई. ती एकदा कुंताकडं पाहे, एकदा माह्याकडं. म्हने, "येवढी लेक वाढवाले मले किती साल लागले... अन् तू येवढा तिथी टाकून आला?" मले तिथीच, साऱ्या गावासमोर, रडू आलं. कुंता म्हने, "दादा, हालू नको, काटा हालते." आता यात तरी माहा काय गुन्हा?

पंगत उठली. भात चांगला झाला होता म्हनतेत. हात धुता धुता बाप म्हनते, "बी.ए. झाला, आता एम.ए. करून टाक."

म्हनलं, करतो बाबा, काऊन नाई करत... पन मायले आदी विचारा. घरात बहीन एकच आहे.