कुरण-कचेरीला सात तक्रारी

— आरं तसं न्हाय उस्ता, कारागीर असलास तरी ऐक, ही काँप्युटरची मशीन बिघडलेली न्हाय. बिघडली असती तर मीच एक लाथ घातली असती, तुला नारिनहून कशाला बोलावला असता? चार तास गाडीत हाडं खिळखिळी करून आलास, आधी चा पी. साय घाल त्यात, लाजू नगं. कट्टामा घे, पापुद्र्याची रोटी, बायकूनं सकाळीच भाजलाय. — मशीन चालतीया. पत्रं जात्यात. कामं बी हुत्यात. फकस्त उत्तर येत न्हाय, येवढंच दुखणं. कागुद न्हाय हातात. परवा शुक्रवारी कुरण-समितीची बैठक हाय, सगळा गाव बसणार, आन् मला तिथं कचेरीचा कागुद दाखवायचाय, शिक्क्याचा, आन् म्हणायचंय, ह्ये वाचा आन् ह्या माणसाचं नाव उन्हाळी कुरणाच्या यादीतनं काढा. कुणाचं? वढ्याच्या पल्याड ऱ्हातोय त्येचं. निळं पत्रं घातल्यालं घर. आता इचारलंसच तर सांगतो — भाऊ हाय माझा. थोरला. शादिकान. चार वर्सं झाली, बोलणं न्हाय. बायका बोलत्यात एकमेकींसंगं, मी काय बंद केलं न्हाय त्यांचं. नाव काढलं तर त्येची मेंढरं कुठं जातील? मला काय करायचंय? जाऊ देत खिंडीच्या पलीकडं. घर इकावं आन् जावं गाव सोडून.

तुझ्या फोनचं नेट जोडतोस? जोड. हिथलं सोमवारपास्नं मेलंय, वारा सुटला की टावर आडवा. — ही मशीन कुठली म्हंतोस? प्रकल्पवाल्यांनी दिलेली, लिनक्स का काय म्हंत्यात ती, पेंग्विनवाली. फुकटातली. शादिकान तवा कुरण-समितीचा कारकून हुता, तवा त्येच्या ताब्यात हुती, ह्याच खोलीत बसून काय काय लिहायचा. बापाचं घर धाकट्याला, म्हंजे मला, त्यो उठून वढ्यापल्याड गेला आन् मशीन ऱ्हायली हिथं. मागायला बी आला न्हाय. मला सुरवातीला कशाला लागती? टोपी ठेवायचो तिच्यावर. मग गेल्या पानगळीला शाळंतल्या मास्तरला बोलावला, म्हनलं मेलचा जुना प्रोग्राम काढ आन् माझा घाल. जुन्यात आपली अक्षरं चौकोन-चौकोन दिसायची. त्येनं नवा घातला. ह्ये बघ खाली निळं पाकीट. बोलला, ओमुर्झाक आके, आता तुमचं नाव आत घातलंय, खाली सही करायची गरज न्हाय, नाव आपसूक वर जातंय. मी म्हनलं बेस झालं. मला येक बोटानं टायपायचं, सही वाचली तेवढीच.

आता बघ मी कसं करतो. जरा सरक. ह्यो पडद्यावर कचेरीचा फलक, जिल्ह्याची कुरण-कचेरी. तळाला त्यांचा पत्ता, निळ्या अक्षरात. त्येच्यावर दाबलं की — ह्ये बघ — पांढरा कागुद आपसूक उघडतो, पत्ता घालून तयार. मी लिवतो. दाबतो. गेलं. पाकिटाच्या चित्रावर कशाला जाऊ? तिथं पत्ता आपल्याला टायपावा लागतोय, त्यात एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत. ह्ये सोपं. — काय बघतोस येवढं? बघ, बघ, मला घाई न्हाय.

आन् खरं सांगू, ही कचेरी म्हंजे माणसं हायेत हां. सगळे सायेब शिव्या खायच्या लायकीचे, पर ह्यांना मी मानलं. उत्तर देत न्हाईत पर काम करत्यात. पयली तक्रार घातली मी, तारखेच्या आधी मेंढरं वसंताच्या कुरणात सोडली म्हणून. समितीनं तारीख ठरवलेली, आन् ह्यो आठ दिवस आधी! चौथ्या दिवशी मेंढरं माघारी. माझ्या डोळ्यानं बघितली, वढा वलांडून खाली आणत हुता. बायकूला म्हनलं, बघ, कचेरी! मग कुत्रं. त्येचं कुत्रं मोकळं असायचं, माझ्या शिंगरामागं लागायचं. लिवलं. तिसऱ्या दिवशी कुत्र्याला साखळी. मग मेंढरं वढ्यात धुतो, आमच्या पाण्याच्या वरल्या अंगाला — लिवलं. आठ दिवसात त्येनं मेंढरं धुवायला खाली चर खणला, येकट्यानं, साठीचा माणूस, कुदळ घिऊन. मी खिडकीतनं बघत हुतो. म्हनलं दंड ठोकला असंल. कचेरीचा धाक असावा तर असा. सहा तक्रारी घातल्या मी, उस्ता, सहाच्या सहा निकालात. असं सरकार दाखव मला दुसरं कुठं.

काय? कसला जुना?

मास्तरनं नवा घातलाय की. — आरं घातलाय म्हंतो ना, खाली पाकीट दिसतंय तुला! — घातलाय पर काय? नेमलेला न्हाय? — कुणाला नेमायचं आन् कुणी? हळू सांग. मशीनला सांगावं लागतं, पत्ता दाबला की कंचा प्रोग्राम उघडायचा. बरं. ते सांगितलंच न्हाय. म्हणून पत्ता दाबला की आजून जुनाच उघडतोय. मग उघडू दे की! कागुद पांढराच हाय. गेल्याशी कारण. पत्र जातंय ना? जातंय. मग? — नाव? वर नाव आपसूक — कुणाचं नाव?

दाव.

शादिकान.

न्हाय, थांब, बोलू नगं. — म्हंजे जुन्यात त्येचंच खातं हाय. कारकून असतानाचं. आन् मी हिथं बसून त्येच्याविरुद्ध — त्येच्याच नावानं — सहा येळा! आरं त्या मास्तरला मी वढ्यात बुडवीन! त्येचं शिक्षण चुलीत घालीन! दोन प्रोग्राम घालून ठेवत्यात आन् सांगत न्हाईत! आन् तू हसतोस काय? हसत न्हाईस? मग तोंड का फिरवलंस? — कचेरी काय म्हणत असंल? येक माणूस हप्त्याहप्त्याला सोताविरुद्ध तक्रार करतोय, ह्येला दवाखान्यात न्या म्हणत असत्याल!

आन् उत्तरं? उत्तरं आली का? — त्येच्याकडं. त्येच्या फोनवर. व्हय, फोन हाय त्येच्याकडं, पोरीनं बिश्केकहून धाडलाय. म्हंजे ह्यो सगळं वाचत हुता? पयल्यापास्नं? आन् आमी लिवलेलं बी दिसतंय त्येला? सगळं? आन् त्येची उत्तरं हिथं जुन्या प्रोग्रामात बी पडल्यात? — वाच. मला चष्मा न्हाय. न्हाय, हाय, पर तू वाच. कचेरीचं पयलं उत्तर वाच.

"अर्जदार शादिकान सुयुनाली यांस. आपण आपल्या स्वतःविरुद्धच तक्रार दाखल केल्याचे दिसते. कृपया खुलासा करावा."

घ्या. — मग? त्येनं खुलासा केला असंल. केला असंलच, कारकून हुता, खुलाशाशिवाय त्येला झोप न्हाय. म्हणाला असंल माझा धाकटा भाऊ येडा हाय, आडाणी हाय, बापाची मशीन कशी चालवायची त्येला कळत न्हाय. वाच, भिऊ नगं, मी तुला मारत न्हाय.

"तक्रार बरोबर आहे. मेंढरं खाली आणली."

बास? येवढंच? पुढं काय न्हाय? — कुत्र्याचं वाच. "तक्रार बरोबर आहे. कुत्रा बांधला." — म्हंजे कचेरीनं काय केलंच न्हाय. दंड न्हाय, माणूस न्हाय धाडला, काय न्हाय. म्या इतके दिवस ज्येला कचेरी म्हंत हुतो, त्यो ह्यो हुता, कुदळ घिऊन चर खणणारा.

चा निवला तुझा. दुसरा वतू? — सहावं वाचू नगं. सहावं ऱ्हाऊ दे. — काय हाय त्यात? भिंत हाय. त्येनं मेंढरांना नवी भिंत घातली तवा म्या लिवलं का ती माझ्या हद्दीत हातभर आली. आली नव्हती. आरं म्या सोता दोरी लावून मोजली हुती, रातच्याला न्हाय, भर दिवसा, चांगली दोन बोटं त्येच्याच बाजूला हुती. पर राग आला, लिवलं. आन् पंधरा दिवसात त्येनं भिंत पाडली. म्या मिशीत हसलो, काय लपवू? — बरं वाच. वाच म्हंतो ना!

"तक्रार बरोबर आहे. भिंत काढली."

बरोबर कुठली आली? त्येला ठाऊक हुतं ना! त्येनं सोता मोजून घातलेली, बापाच्या दोरीनं, मंग — आरं ह्येला तोंड न्हाय का? वढा काय समिंदर हाय? यावं आन् म्हणावं, ओमुर्झाक, खोटं बोलतोस तू. दोन थोबाडीत द्याव्या, थोरला हाय, दिल्या असत्या तर मी काय — न्हाय, मी उलटून मारलं असतं. मारलं असतं मी. म्हणून आला नसंल.

कशावरनं भांडण? घोड्यावरनं. माझा रवाळ चालीचा घोडा हुता, तांबडा. त्येच्यावर बसून भरलेली वाटी हातात धरली तर थेंब सांडायचा न्हाय. लोक लांबनं बघायला यायचे. बापाचा अश, वर्ष भरल्यावरचं गावजेवण, त्यात पंगतीसाठी ह्या शादिकाननं त्यो घोडा कापला. माझा घोडा! मला न इचारता! तूच सांग, चूक कुणाची? — दुसरं जनावर नव्हतं का म्हंतोस? हुतं. घोडी हुती ठरलेली. वरच्या कुरणात. — कुणी आणायची म्हंजे? आणायची हुती कुणीतरी. — मी. मी आणणार हुतो. मीच शादिकानला म्हनलं हुतं, बाइके, दादा, तुमी पाव्हण्यांचं बघा, घोडी मी आणतो. निघालो बी. वाटंत दोस्ताच्या पोराचं लगीन लागलं, म्हनलं येक घोट. आता येक घोट कुठं येक ऱ्हातोय? दोन दिवस. तिकडं तीन गावचं लोक येऊन बसलेलं, म्हातारे-कोतारे, मुल्ला, आन् कढईखाली जाळ घालून पाणी उकळत ठेवलेलं. बापाच्या नावानं रिकामी कढई. — त्येनं फोन केला हुता. म्या उचलला. म्हनलं, तुला काय करायचं ते कर, माझं डोकं खाऊ नगं. — म्हनलं हुतं मी तसं. ह्ये कुणाला सांगितलेलं न्हाय आजपातूर. बायकूला बी न्हाय. तू आपला कट्टामा खा.

आता ह्ये काय दावतोस? आजून येक? — सातवं. सोमवारचं. नाव काढा म्हणून, उन्हाळी कुरणातनं. ते गेलं की! दाबलं हुतं मी. — गेलं न्हाय? नेट नव्हतं म्हणून थांबलंय? आन् आता तुझ्या फोनचं नेट हाय, दाबलं की जाणार — थांब! बोट काढ! काढ म्हंतो बोट, बेण्या! — हां. तसंच ठेव. हलू नगं.

ते गेलं असतं तर कचेरी काय करती? काय बी न करती. पर ह्यो करता. लिहिता, "तक्रार बरोबर आहे. नाव काढले." आन् शुक्रवारी बैठकीत सोता उठून सांगता. साठ वर्सं ह्या उतारावर चढलेला माणूस. मेंढरं इकून पोरीकडं बिश्केकला, तिसऱ्या मजल्यावर. आन् मी बायकूला म्हनलं असतं, बघ, कचेरी!

पूस ते. सातवं पूस. पुसलं? परत दाव. — हां. न्हाय आता.

नवा प्रोग्राम नेमू का म्हंतोस? नगं. ऱ्हाऊ दे जुनाच. आरं मला कळतंय तू त्येच्यासाठीच आलास, तुझा भाडंखर्च, मजुरी सगळी घिऊन जा. माझ्या नावानं गेलं तर कचेरी वाचंल. त्येच्या नावानं गेलं तर त्यो वाचतोय. मग तूच सांग कंचा प्रोग्राम बरा?

त्यो पत्ता दाब. उघडला कागुद? लिही, तुझी बोटं झटझट चालत्यात. तक्रार. कुणाविरुद्ध — ओमुर्झाक, सुयुनालीचा धाकटा मुलगा. माझ्याकडं बघू नगं, लिही. सदर इसमाने बापाच्या अशसाठी घोडी आणतो असे सांगितले आणि आणली नाही. घोडी चार वर्षे येणे आहे. भिंतीबद्दल खोटे लिहिले. — लिहिलंस? खाली आजून येक. तक्रार बरोबर आहे. — व्हय, आत्ताच लिही, मागनं कशाला. घोडी आज पोचती करतो.

दाब. गेलं?

उठ मग. — न्हाय, दुसरा चा न्हाय, उठ. घोड्या वरच्या उतारावर हायेत, धरायला दुपार हुईल, आन् त्यातली काळी मला बघून पळती. तू तुझ्या वाटंनं नीघ. ती कासऱ्याची दोरी दे हिकडं, तुझ्या मागं हाय. आन् दार लोटून घे.