सातची मिस्सा

आमच्या वरठीच्या चर्चची गंमत सांगतो तुमाले. कारखान्यात कामाले झारखंडहून, केरळहून लोक येऊन राहिले, अन् रविवारी नऊच्या मिस्सेले, म्हंजे प्रार्थनेले, बसाले जागा पुरेना. माझी खिडकीजवळची जागा तर दोनदा गेली. मंग चर्चचा कारभार पाहनाऱ्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मीच म्हनलो, "फादर, सकाळी सातलेही एक मिस्सा ठेवा. गर्दी वाटून जाईन."

आमी अकराही मेंबरनं हात वर केला.

पहिल्याच रविवारी सव्वासातले फादरचा फोन आला. मी दात घासून राहिलो होतो.

"अंतोनभाऊ, कुठे आहात?"

"घरीच आहो. काहून?"

"चर्चमध्ये मी एकटाच उभा आहे. सातची मिस्सा तुम्हीच मागितली होती ना?"

"मांगली होती फादर, पन मले नाई. बाकीच्याईले."

फादर म्हनाले, "तुमच्या आधी दहाही मेंबरांना फोन केला. सगळे हेच म्हणाले."

नऊच्या मिस्सेत त्याईनं शांतपने जाहीर केलं, "कौन्सिलची बैठक यापुढे दर रविवारी, सकाळी साडेसहाला."

आता खिडकीजवळची जागा माझीच असते. सकाळी सातले.